झोपेतली पदवी

कॉलेजची चार वर्षं आता एका झोपेत मिळत. झोपकेंद्रातून तरन्नुम बाहेर पडली, तेव्हा काचेचं सगळं शास्त्र तिच्या डोक्यात लख्ख होतं. पण ही विद्या स्वप्नासारखीच दुपारपर्यंत विरायची. हाताने केलेलं तेवढंच उरायचं. आधीच्या दोन पदव्या तिने मैत्रिणींना कौतुकाने सांगण्यातच घालवल्या होत्या. ही तिसरी, आणि चौथी कुणालाच मिळत नसे.

ती तडक जनूकाकांच्या कारखान्यात गेली. आयटीआयत शिकलेले काका प्रयोगशाळेची काचभांडी बनवत.

"काका, या काचेचा प्रसरणांक..."

"बोलण्यात वेळ घालवू नकोस, पोरी. फुंक," म्हणत त्यांनी तिच्या हातात काचेची नळी दिली.

सुरुवातीचे फुगे फुटले. निळी ज्योत हलत राहिली, खिडकीतलं ऊन सरकत गेलं आणि डोक्यातली सूत्रं एकेक करून धुक्यात शिरली. शेवटी एक फुगा संत्र्यासारखा फुलला. तिने तो अलगद ज्योतीवरून उचलला.

"आत्ताच का उचललास?" काकांनी विचारलं.

तरन्नुमला काही केल्या आठवेना. तिचे डोळे भरून आले.

काकांनी दुसरी नळी पुढे केली. तिने ती तापवली, हळूच फुंकली, आणि फुगा तसाच फुलला त्या नेमक्या क्षणी तिचा हात ज्योतीवरून आपसूक वर आला.