केस उगवेपर्यंत

मेल्चोर कायोनं आयुष्यात कधी कुणाला फसवलं नव्हतं. म्हणजे, एकाच गावात दोनदा.

सकाळी विक्री, दुपारी पोबारा, हा त्याचा नेम. पठारावरच्या त्या बटाट्याच्या गावातही सकाळीच त्यानं चौकात घोंगडी पसरली. बायकोनं, खासिंतानं, सुया आणि आरसे मांडले. गुळगुळीत गालांच्या गावप्रमुखानं, डॉन एवारिस्तोनं, तेवढा एक वस्तरा घेतला. बाकीच्यांनी माल नुसता हाताळला. दोन दिवस नवराबायकोच्या पोटात भाजलेल्या मक्यापलीकडे काही गेलं नव्हतं. शेवटी मेल्चोरनं बाटल्या काढल्या. गिधाडाच्या चरबीचं तेल, टकलावर नऊ दिवसांत केस. बाटलीत डुकराची चरबी आणि कापूर.

दुपारी पालोमा नावाच्या आपल्या खेचरावर ती दोघं सामान चढवत असताना एवारिस्तो परत आला. त्यानं कानटोपी काढली. डोकं उन्हात चकाकलं.

"लावा. तुमच्याच हातानं."

मेल्चोरनं लावलं. भोवतीची माणसं एकाएकी जमिनीकडे बघू लागली. आदरानं, असं त्याला वाटलं.

"छान. केस येईपर्यंत खेचर माझ्या गोठ्यात राहील."

"पण डॉन एवारिस्तो, आम्हाला पुढं जायचंय."

"जा की. पायी."

पुढचं गाव तीन दिवसांवर, वाटेत पाणी नाही. ते राहिले.

"बसून काय करणार, पाव्हणे?" म्हणत एवारिस्तोनं दोघांच्या हातात कुदळी दिल्या. काढणी चालूच होती. ती दोघं खणत, पालोमा पोती वाही. दोन वेळचं बटाट्याचं पातळ कालवण मिळे.

रोज सकाळी एवारिस्तो टोपी काढून डोकं पुढं करी. रोज तेच, घासलेल्या पातेल्यासारखं. एकदा कानामागं ताजी चीर दिसली.

"झोपेत खाजवलं," तो म्हणाला. "तेलाचा गुण असेल."

"आले का केस, डॉक्टर?" शेतातली एक म्हातारी विचारी.

"अजून नाही."

"मग हा तुकडाही खणून टाका."

नऊ दिवस झाले. अठरा झाले.

"खरं सांगून टाकू का?" मेल्चोर कुजबुजला.

"म्हणजे खेचरही जाईल आणि वर मारही बसेल," खासिंता म्हणाली. "खणा गुपचूप."

शेवटचं पोतं कोठारात गेलं. एवारिस्तो चार दिवस बाहेरगावी गेला. परतल्यावर त्यानं टोपी काढली. डोकंभर काळे खुंट.

मेल्चोरनं त्यांवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले.

"शब्दाला जागलात," एवारिस्तो म्हणाला. त्यानं पालोमाची दोरी हातात दिली, वर वस्तराही परत केला. "ठेवा. आता मला लागायचा नाही."

गाव दिसेनासं झाल्यावर मेल्चोरनं एक बाटली उघडली आणि तो ते तेल स्वतःच्या टकलावर चोळू लागला.

"इतकी वर्षं मी उगाच स्वतःला लबाड समजत होतो," तो म्हणाला.

खासिंता वस्तरा उघडून बघत होती. पात्याच्या खाचेत सुकलेला साबण होता आणि साबणात बारीक काळे केस.

"त्याला तर दाढीच नाही," ती म्हणाली.