पाचवी ओळ

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात दोनशे बारा जणांच्या ईमेलखाली एकसारखी सही आपोआप उमटावी, एवढेच माझे काम होते. नाव, हुद्दा, विभाग, दूरध्वनी, अशा चार ओळी. तीन कंटाळवाण्या आठवड्यांनी ते संपले आणि काही मेलखाली पाचवी ओळ दिसू लागली : ‘तपासले – इंद्रायणी देव’.

इंद्रायणीबाई तीस वर्षे इथला पत्रव्यवहार सांभाळत. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पत्र बाहेर पडत नसे. मार्चमध्ये त्या वारल्या. कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही, माझ्या प्रोग्राममध्येही नाही. मी दोनदा शोधले.

मालकांनी आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. ओळ गेली नाही, तर माझे कंत्राट रद्द.

डिस्पॅचची पूनम मात्र निर्धास्त होती. “राहू द्या की सर. ओळ न्हाय आली, की समजायचं मेलमधी कायतरी चुकलंय. बाई लई कडक हुत्या!”

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी दार लावून घेतले आणि शहानिशा सुरू केली. स्वतःलाच मेल पाठवला : ‘कुर्डुवाडीला रेल्वे जात नाही.’ खाली चार ओळी. ‘कुर्डुवाडीला रेल्वे जाते.’ पाच ओळी. असे वीस प्रयोग केले. अपवाद एकही नाही.

थकून मी शेवटचे वाक्य लिहिले, ‘या खोलीत मी एकटाच आहे,’ आणि पाठवले.

खाली चार ओळी होत्या.