आत्याचा गायकवृंद

खोटं बोलत असेन तर जीभ झडो! सगळी मंडळी चकचकीत नव्या चर्चमध्ये निघून गेली, तरी आमची आत्या दर रविवारी जुन्याच चर्चमध्ये जायची. शेवटी बिशपसाहेबांनी कारभाऱ्याला भलंमोठं कुलूप देऊन धाडलं: "आज उपासनेला कोणी नसेल, तर कायमचं ठोक." कारभारी दारातच थबकला. आतून पंचवीस गळ्यांचं गाणं असं घुमत होतं, की खिडक्यांच्या काचा नाचत होत्या! त्यानं दार ढकललं, तर आत एकटी आत्या! बायकांच्या बाकावरून उंच सूर, मग धावत पलीकडे जाऊन पुरुषांच्या बाकावरून खर्ज! "बाई, एकट्याच?" "होते, आता दोघं झालो. दोघं जमले की प्रभू येतोच. बसा!" "पण हे कुलूप..." "आणा की! वाऱ्यानं गीतांची पानं उडतायत." उघड्या गीतपुस्तकावर कुलूप ठेवत आत्यानं फर्मावलं, "चला, घसा खाकरा, खर्ज तुमचा!"