तुटक्या कोपऱ्याची पट्टी

नात वाचायला बसली की चार ओळींतच रडकुंडीला यायची. "आजोबा, ओळी पळतात हो." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर शाबूत आहे, पण डोळ्यांना दिसलेलं मेंदूला नीट जुळवता येत नाही. पोर आळशी नाही, तिच्यावर ओरडू नका. एका वेळी एकच ओळ दिसेल असं काहीतरी करा.

आजोबा जुने शिंपी. त्यांनी कापड आखायची लाकडी पट्टी घेतली, ओळीखाली धरली आणि वरच्या ओळी पुठ्ठ्याने झाकल्या. नातीने अडखळत एक ओळ वाचली, मग दुसरी. पान संपलं तेव्हा आजोबांनीच पुढचं पान उलटलं. समोर तिचा बाप मशीनवर कॉलर शिवत होता. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून तो त्याच मशीनवर. गिऱ्हाइकांची मापं त्याला तोंडपाठ असायची, वहीत मात्र आजोबाच लिहायचे.

"आता पळतात का गं?"

"नाही. पट्टीने धरून ठेवल्यात." तिने पट्टीवरून बोट फिरवलं. "पण आजोबा, हिचा कोपरा कशाने तुटला?"

आजोबा चष्मा पुसू लागले. "जुनी आहे गं. तुटला असेल कुठेतरी."

मशीन थांबलं.



"माझ्या बोटांवर तुटला, बाळा," बाप म्हणाला. "मीसुद्धा सांगायचो, ओळी पळतात म्हणून."