धरलेला हात

"ठेवा ती काठी. म्या हाय ना!" मुक्ताबाईनं नवऱ्याचा हात ओढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

कडुबा हसला, पण काठी काही सोडली नाही. पांढरी, घडीची काठी. सगीरानं दिलेली.

सगीरा अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. नदीचं पाणी वस्तीत शिरल्यापासून ती रोज चिकलठाण्याच्या या मंगल कार्यालयात यायची. वस्तीतली चाळीस घरं इथं उतरली होती. त्यांत पांगळे होते, बहिरे होते. पण या बाईचा जीव अडकला तो नेमका कडुबात!

एकतीस वर्षं आंधळा कडुबा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालला होता. बाजार, दवाखाना, वेरूळची जत्रा, सगळीकडं. पुराच्या सकाळीही कमरेएवढ्या पाण्यातून तिनंच त्याला बाहेर काढलं. मधेच घाबरून त्यानं तिच्या हाताला असा हिसका दिला की दोघंही पडता पडता वाचली. मुक्ताबाई हे शिबिरात येईल त्याला सांगायची. कडुबा शेजारी गप्प बसून असायचा.

आणि आता ही कोण कुठली येऊन म्हणते, चाचांचा हात धरू नका, त्यांना एकट्यानं चालू द्या. अगं बाई, तुला कशाला नसती उठाठेव?

दाराशी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की मुक्ताबाईचं डोकं तडकायचं. आली सटवी! मग अंगणात टकटक सुरू व्हायची, आणि मागोमाग कडुबाचं हसणं. घरी कधी इतका हसला नव्हता.

त्यात स्वयंपाकातल्या बायकांनीही तिला बाजूला सारलं. दोनदा भातात खडे निघाले, तर तांदूळ निवडायचे सोडून तिला लसूण सोलायला बसवलं.

"तांदूळच तसला आलाय, त्याला म्या काय करू?" ती भांडून तरातरा निघून आली. सगीरानंच बायकांचे कान भरले असणार, दुसरं कोण?

"जळतीस व्हय गं तिच्यावर?" जेवताना कडुबानं विचारलं.

"जळू नाय तर काय आरती ओवाळू? लई गोड बोलती ती."

"बोलती खरी," कडुबा म्हणाला.

मुक्ताबाईनं ताट सरकवलं.

शिबिर उठायला दोन दिवस उरले होते. खांबाला टेकून ती लसूण सोलत होती, तेव्हा पलीकडून सगीराचा आवाज आला.

"चाचा, खुर्च्या विणायचं काम पक्कं झालं. शाळेत खोली पण मिळाली. दुसरी काठी भी लायी मैं. अब मौसीला कधी सांगणार?"

"सांगतो. लई धीर लागतो त्याला."

मुक्ताबाईच्या हातातला लसूण गळून पडला. म्हणजे हा चालला! काम झालं, खोली झाली. एक काठी मोडली तर दुसरीही तयार. मग बायको हवीच कशाला? ती तिथंच बसून राहिली, डोळ्यांना पदर लावून.

थोड्या वेळानं टकटक तिच्यासमोर येऊन थांबली. कडुबा एकटाच होता.

"जायचंय तर जा," ती म्हणाली, "पण तोंडानं सांगून जा. ज्या हातानं पुरातून काढलं, तो हात असा झटकून टाकता व्हय?"

कडुबा तिच्यापाशी टेकला. चाचपत त्यानं तिचा हात शोधला आणि त्यात दुसरी काठी ठेवली.

"मला कशाला ही?"

"पुरात तू सरळ नदीच्या धारेत चालली व्हतीस, मुक्ते. पाण्याचा आवाज ऐकून म्या तुला मागं ओढलं," कडुबा हळूच म्हणाला. "कवापासून दिसंना तुला?"