जोडून आलेले शब्द

मानवी मेंदू एका वेळी आठ कामं सहज सांभाळतो, अशी मुद्रितशोधकाची श्रद्धा होती. पुरावा म्हणून तो स्वतःकडे बोट दाखवायचा.

त्या दुपारी तो ढगांवरच्या एका पुस्तकाची प्रुफं तपासत होता. तोंडाने चुका पुटपुटायच्या, हाताने लाल खुणा करायच्या, आणि मान वाकडी करून खांद्यावर दाबलेल्या फोनवर मुलीचं ऐकायचं. तिचा आवाज कुठून तरी लांबून तरंगत येत होता आणि पानावरच्या पांढऱ्या ढगांत अलगद विरत होता.

"बाबा, लग्नाला सात वर्षं झाली. एका घरात राहतो, पण हा माझ्याशी बोलतच नाही. मी काय करू, सांगा ना."

पानावर दोन शब्द एकमेकांना चिकटून आले होते.

"उगाच जोडलंय," तो पुटपुटला. "तोडायला हवं."

मुलीने विचारलं, "हे तुम्ही म्हणताय? मला वाटलं, सांभाळून घे म्हणाल."

"आधीच दिसायला हवं होतं. माझीच चूक." त्याने दोन शब्दांच्या मधोमध लाल रेघ ओढली.

"बाबा... मग येऊ मी घरी? आजच?"

"हं," तो म्हणाला, आणि पुढच्या ढगाकडे वळला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मुलगी उभी होती, दोन्ही हातांत बॅगा आणि चेहरा कित्येक वर्षांनी हलका झालेला.

"अगं!" तो म्हणाला. "यायच्या आधी एक फोन तरी करायचास."