शंभरावा देश

“आई, हॉलमधलं घड्याळ तुम्ही पुढे केलंत?”

“पंधराच मिनिटं गं, महिन्याभरापूर्वी. रियाची बस चुकते ना रोज!” सासूबाई म्हणाल्या.

ऋजुताने कपाळावर हात मारला. त्याच बसच्या धास्तीने तिने स्वतःच ते आधी वीस मिनिटं पुढे ढकलून ठेवलं होतं.

गेल्या आठवड्यात, तापाने फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, तिने हॅम रेडिओवर, म्हणजे आपल्या हौशी बिनतारी संचावर, आइसलँडमधल्या एका वयस्क गृहस्थांना गाठलं आणि वेळ त्या घड्याळावरून घाईत दिसली तशीच लिहिली. तिचा शंभरावा देश! आता शंभर देशांशी बोलल्याचं प्रमाणपत्र मिळणारच होतं. पण ऑनलाइन पडताळणीत दोघांच्या नोंदी जुळेनात. वेळांत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडला, की संपर्क झालाच नाही असं धरतात. तिने तर त्यांना लगेच कळवूनही टाकलं होतं, ‘कृपया आपलं घड्याळ तपासावं.’

आता कुठल्या तोंडाने माफी मागायची? तिने गुपचूप आपल्या नोंदीतली वेळ दुरुस्त केली आणि पुन्हा पडताळून पाहिलं. तरीही जुळेना.

तेवढ्यात त्यांचं उत्तर आलं. ‘क्षमा असावी. वय झालं, चूक माझीच असणार. माझ्या नोंदीत तुमची वेळ घातली आहे.’

ऋजुताने खरी वेळ पुसून चुकीची पुन्हा भरली. पडद्यावर लगेच हिरवी खूण उमटली.

“जुळलं का गं?” सासूबाईंनी डोकावून विचारलं.

“जुळलं, आई. आता दोघांचंही सारखंच चुकलंय.”